पारीतल्या मुंग्या

माझ्या सासऱ्यांनी जन्मभर मुंग्यांशी वैर केलं, आणि मी त्यांच्या खाटेपासून चार हातांवर मुंग्या पाळल्या. भांडण कुठून सुरू झालं असेल हे एवढ्यावरून कळावं. पण मला पुढचंही सांगायचं आहे, कारण त्यात चूक माझी होती आणि शहाणपण भलत्याच माणसाकडे निघालं.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. माझ्या सासरची माणसं पिढ्यानपिढ्या तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी, बांधणारी. तलावाचा जो मातीचा बांध, त्याला इकडे पार म्हणतात. त्या पारीवरून नुसतं चालत जाऊन पायाखाली कुठे पोकळ आहे ते मामाजी सांगत. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला पारीचे शत्रू ऐकवले होते. उंदीर, खेकडा, उधई म्हणजे वाळवी, आणि मुंगी. ‘‘मुंगीनं बीळ केलं का पानी तेच वाट धरते,’’ असं म्हणून ते काठीच्या टोकानं बीळ शोधायचे, त्यात ओला गाळ ठासायचे आणि वरून टाच मारायचे. अशी किती बिळं त्यांनी बुजवली असतील देव जाणे. आता गुडघे गेले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, आणि ते गाव सोडून आमच्याजवळ मुर्रीला राहतात. सकाळी ओसरीत खाट टाकतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला, पाऊसपाण्याला आणि मला नावं ठेवतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. राग माझ्या नाकावर असतो, हे वर्गातल्या मुलांना पहिल्या आठवड्यात कळतं. मला तो आवरायला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर फारसा आवरावासा वाटतही नाही. फक्त एक गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे माझा राग माझ्यावरच उलटतो, आणि तीही मुंग्यांचीच आहे.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी मैदानाच्या कडेचं एक वारूळ घाईघाईत खणलं होतं. माती, मुंग्या, पांढऱ्या अळ्या, जे फावड्यात आलं ते काचेच्या बरणीत भरलं आणि वर पाटी लावली, ‘मुंग्यांची राणी आणि तिचा दरबार’. राणी त्यात नव्हतीच. ती कुठेतरी खाली, दोन हात खोल, फावड्याच्या टप्प्याबाहेर राहिली होती. अंडी घालते ती एकटी राणी. ती नसली की वारुळात नवा जीव येत नाही. असलेल्या मुंग्या आपलं आयुष्य पुरं करतात आणि एकेक करून संपतात. मी रोज साखर घालत होते, पाणी घालत होते, आणि त्या कमी होत होत्या. शेवटी सहा उरल्या. त्या सहाही बरणीतली माती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत होत्या, जणू आत कुणीतरी आहे आणि त्याच्यासाठी घर नीट ठेवायचं आहे. मुलांनी विचारलं, ‘‘मॅडम, ह्या मरून काऊन राहिल्या?’’ मी म्हणाले, ‘‘म्हाताऱ्या झाल्या.’’ ते खोटं नव्हतं, पण ते खरंही नव्हतं. मी त्यांना पोरकं केलं होतं आणि वर पाटी लावून मिरवलं होतं.

या उन्हाळ्यात इकडच्याच गोरेगावजवळच्या आमच्या गावच्या बोडीची पार दुरुस्तीला निघाली. बोडी कोरडी पडली होती, जेसीबी आला होता, आणि मामाजींना काम बघायचं होतं म्हणून मी त्यांना गाडीवर बसवून घेऊन गेले. पारीच्या आतल्या अंगाला मला भुसाचा एक गोल ढिगारा दिसला, ताटाएवढा. मधे बीळ. भूस म्हणजे गवताच्या बियांची टरफलं आणि धानाचा कोंडा. दाणे साठवणाऱ्या मुंग्यांची ही खूण. त्या दाणा आत नेतात, सोलतात, आणि फोलपट बाहेर आणून टाकतात. आपल्या घरातसुद्धा इतकी शिस्त नसते. बिळाकडे येणारी रांग बांधीतून, म्हणजे धानाच्या वाफ्यातून, निघून पार चढत होती आणि एकेक मुंगी आपल्यापेक्षा मोठा दाणा उभा धरून नेत होती. जेसीबीचं तोंड तिथून वीस पावलांवर होतं.

मी मशीनसमोर जाऊन उभी राहिले. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. ‘‘मॅडम, चींटी के लिए काम रोकूं क्या?’’

‘‘हां, रोको,’’ मी म्हणाले, आणि पुढे जे बोलले ते शाळेत बोलत नाही. त्यानं मशीन बंद केलं आणि डबा काढून जेवायला बसला. त्याच्या जेवणाएवढा वेळ माझ्या हातात होता.

मामाजी सावलीत बसून बघत होते. ‘‘मरू दे ना वो बाई. पारीची पीडा जाते त जाऊ दे.’’

‘‘एकही मरणार नाही,’’ मी म्हणाले. चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, म्हणजे आता फजिती झाली तरी तीही चारचौघांत होणार होती.

या वेळी मी वरून खणलं नाही. बाजूनं हातभर अंतर सोडून चर घेतला आणि खुरप्यानं मातीचे पापुद्रे काढत आत शिरले. पहिल्या खोल्यांत नुसते दाणे. बोटभर उंचीची, सपाट तळाची खोली, आणि तिच्यात सोललेली धान्यं भरून ठेवलेली. गवताचं बी वेगळ्या खोलीत, तांदूळ वेगळ्या खोलीत. मी तिथेच हात थांबवून बघत राहिले. ज्या पारीला मामाजी पोकळ म्हणत तिच्या पोटात असं नेटकं कोठार होतं. त्याखाली अळ्यांच्या खोल्या, आणि त्याखाली ओल. सगळं दोन बादल्यांत भरलं, वर जुन्या लुगड्याचं कापड बांधलं. राणी दिसली नाही. ड्रायव्हरनं डबा धुतला, मशीन सुरू झालं, आणि मला उठावं लागलं.

घरी येताना मामाजी मागे बसले होते, मांडीवर एक बादली. घरी उतरल्यावर एवढंच म्हणाले, ‘‘चावल्या मले. तुये पाव्हने हायेत, तू सांभाळ.’’

मुलाच्या जुन्या मासे पाळायच्या काचपेटीत मी माती ओतली. मुंग्या काठावरून बाहेर पडू नयेत म्हणून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून वरच्या कडेला आतून पट्टा ओढला. त्यावर त्यांचे पाय घसरतात. दोन दिवसांत त्यांनी आत घर केलं. तिसऱ्या दिवशी पेटीच्या एका कोपऱ्यात भुसाचा ढीग लागला, दुसऱ्या कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांचा. कुणी मुकादम नाही, कुणी ओरडत नाही, आणि काम अडत नाही. शाळेतून आले की मी चहाचा कप घेऊन पेटीपाशीच बसायचे. हे म्हणाले, ‘‘माझ्याकडे एवढं बघितलं असतंस तर?’’ मी म्हटलं, ‘‘तुम्ही एवढं काम केलं असतं तर.’’

पण राणीचा पत्ता नव्हता. भिंग घेऊन मी काचेलगतच्या सगळ्या खोल्या रोज बघायचे. अळ्या होत्या, पण त्या आधीच्या होत्या. नवी अंडी, मिठाच्या कणासारखी, दिसली तरच आत राणी आहे म्हणायचं. काचेपासून आतल्या मातीत काय आहे ते दिसत नव्हतं. मधेच अळ्या कमी झाल्यासारख्या वाटायच्या आणि माझं जेवण गोड लागायचं नाही.

मग पऱ्ह्याचे दिवस आले. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी आधी वाढवायची धानाची रोपं. घरोघरी बियाणं भिजत घातलेलं, पोत्यात दडपून मोड आणलेलं. धानाच्या मुलखात या दिवसांत माणसाचा हात आपोआप पाण्याकडे जातो. भिजलेलं ते चांगलं, फुगलेलं ते चांगलं, ओल असली की सगळं असतं, हेच आम्ही जन्मापासून बघत आलो. आमच्या घरीही बियाणं भिजत होतं. मला वाटलं, बिचाऱ्या कोरडे दाणे फोडतात, त्यांना मऊ देऊ. मी मोड आलेलं धान वाटीभर पेटीत टाकलं आणि माती सुकलेली दिसली म्हणून तांब्यानं पाणीही शिंपडलं. रोज. विज्ञानाची बाई!

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगायचा प्रयत्न केला होता. दाण्याला फुटलेला प्रत्येक मोड त्या कुरतडून तोडत होत्या आणि भुसाच्या ढिगावर नेऊन टाकत होत्या. साठवलेला दाणा रुजला तर कोठाराचं वाटोळं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी ते बघून टाळ्या वाजवल्या, मुलांना दाखवायला मोबाइलवर व्हिडिओ घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलं धान टाकलं. आठवड्यात काचेला आतून घाम सुटला. दाण्यांवर राखाडी बुरशी चढली. मेलेल्यांचा कोपरा भुसाच्या ढिगाएवढा झाला. मी कोपऱ्यातले दाणे चिमट्यानं काढत होते आणि त्या आतले दाणे तोंडात धरून वर आणत होत्या, आणि दोघींची धावपळ पुरत नव्हती. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात दोन भांडी आपटली. माझी मला लाज वाटत होती.

भांड्यांच्या आवाजानं मामाजी उठून आले. पेटीपाशी ते पहिल्यांदाच आले होते. ऑपरेशन झालेला डोळा काचेला लावून बराच वेळ वाकून बघत राहिले. मी टोमण्याची वाट बघत होते, आणि तो आलाच. ‘‘मुंगीले मुताचा पूर म्हन्तात, अन् तू तांब्या ओतून राहिली.’’ मग त्यांनी काठीचं टोक काचेला लावलं. ‘‘हे पाह्य. पार घातली त्याइनं.’’

मी बघितलं. जिथे मी पाणी ओतत होते त्या कोपऱ्याच्या पुढे मुंग्यांनी मातीच्या गोळ्यांची एक अर्धगोल भिंत रचली होती. भिंतीअलीकडे बुरशी, पलीकडे कोरडी माती, आणि त्या कोरड्या मातीवर तांदळाचे दाणे एकेरी थर करून मांडलेले. ते वाळत घातले होते. मी रोज भिंग घेऊन बसत होते, पण राणी शोधायच्या नादात मला ही भिंत दिसली नव्हती.

‘‘आतून उतार केला, बाहेरून उभी ठेवली,’’ मामाजी म्हणाले. ‘‘कोनं शिकवलं असन यायले?’’ जन्मात त्यांनी कुणाच्या पारीला चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांच्या सख्ख्या भावानं बांधलेल्या पारीलाही ते ‘उंदराची शेज’ म्हणायचे. ते तिथेच खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, ‘‘बस. भांडे नंतर फोडजो. सगळं ओलं नको अन् सगळं कोरडं नको. एका अंगानं पाझर पाहिजे. मंग ते ठरवतीन कोन कुठं बसाचं ते.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गावी पिटाळलं, दोन प्रकारची माती आणायला. एक काळी, पाणी धरणारी, आणि एक पिवळसर, पाणी सोडणारी. कुठल्या बांधीच्या कुठल्या कोपऱ्यातून ते त्यांनी हातानं हवेत नकाशा काढून सांगितलं. त्या दोन्ही मातींचे गोळे त्यांनी स्वतः मळले, गुडघे दुखत असताना उकिडवं बसून. एका लाकडी ट्रेमध्ये ती माती थापली, काळी एका टोकाला, पिवळी दुसऱ्या टोकाला, मधे दोन्ही मिसळून. काळ्या टोकात एक मातीची पणती काठापर्यंत पुरली. पणतीत पाणी भरायचं, ते मातीत हळूहळू पाझरायचं, आणि दुसऱ्या टोकापर्यंत पोचायच्या आत संपायचं. खोल्या मी चमच्याच्या दांड्यानं कोरल्या. त्यांना त्या आवडल्या नाहीत, त्यांनी मोडून पुन्हा कोरल्या. वर काच, काचेवर अंधारासाठी पुठ्ठा.

आता जुन्या पेटीतून नव्या घरात जायला वाट हवी होती. मामाजींनी खाटेखालच्या ट्रंकेतून आपली लेव्हलची नळी काढली. पार सगळीकडे सारख्या उंचीची आहे का ते पाणी भरून बघायची ही पारदर्शक नळी त्यांच्याजवळ कित्येक वर्षं होती आणि ते तिला कुणाला हात लावू देत नसत. विळीवर धरून त्यांनी तिचा हातभर तुकडा कापला. मी ‘अहो मामाजी’ म्हणेपर्यंत कापून झाला होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही नळी जोडली आणि जुन्या पेटीवर खिडकीचं ऊन घेतलं. मुंग्यांना हाकलावं लागत नाही. त्यांना जागा पसंत पडली तर त्या स्वतः बिऱ्हाड हलवतात. आधी एक गेली, परत आली, दुसरीला मिशांनी चाचपलं. मग चार गेल्या. तासाभरात नळीत दोन्ही बाजूंनी रांग लागली, आणि मला त्या दुपारी जे दिसलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्यांदा अळ्या गेल्या. एकही दाणा कुणी उचलला नाही, आधी लेकरं. पुठ्ठा जरा उचलून बघितलं, तर पिवळ्या टोकाला एकही अळी नव्हती, अळ्या सरळ ओलीकडे, पण पणतीपासून दोन बोटं दूर ठेवल्या. मग दाणे, आणि ते मात्र कोरड्या टोकाला. एक मुंगी लंगडी होती, तिला दुसरीनं तोंडात उचलून नेलं.

दोन तास झाले. बिऱ्हाड हलवताना सगळे नळीतूनच जाणार, म्हणजे राणी असली तर आज दिसणारच. आणि नसली तर तेही आज कळणार. रांग विरळ झाली. मग थांबल्यासारखी झाली. नळीत एखादी दुसरी मुंगी रिकाम्या तोंडानं फिरत होती. राणी गेली नव्हती.

मला सहा मुंग्या आठवल्या, कोपऱ्यातून कोपऱ्यात माती नेणाऱ्या. मी मामाजींना सगळं सांगून टाकलं, दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते. बरणी, पाटी, मुलांना दिलेलं उत्तर. ‘‘याही पोरक्या आहेत, मामाजी,’’ मी म्हणाले. ‘‘मी पुन्हा तेच केलं. घर किती का छान बांधा, आत कुणी नाही.’’ मी पेटी उचलून माती परातीत उलटायला निघाले. असेल तर असेल, नसेल तर नसेल, एकदाचं कळू दे.

‘‘ठेव खाली,’’ ते म्हणाले. मी ठेवली नाही. ‘‘ठेव म्हन्लो ना! त्याइचं काम झालं काय? त त्याइले करू दे.’’

मी पेटी ठेवली. काचेत बघितलं तर खरंच, आत अजून पंचवीस-तीस मुंग्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच जागी, मधल्या मातीच्या ढेपळापाशी जमल्या होत्या. त्या माती काढत होत्या. एक भगदाड मोठं करत होत्या. आम्ही दोघंही खुर्च्या ओढून बसलो. मामाजींचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

मग ती निघाली. बाकीच्यांच्या चौपट, काळसर, पोट तुकतुकीत आणि जड. राणी म्हणजे हुकूम सोडणारी, असं मी मुलांना शिकवत आले. हिला धड चालताही येत नव्हतं. एकीनं तिचा पाय पुढून ओढला होता, दोघी मागून ढकलत होत्या, आणि ती मधेच थांबून अंग चोरत होती. नळीच्या तोंडाशी ती अडली. पोट आत जाईना. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या, मिशांनी चाचपू लागल्या, आणि ती इंच इंच आत सरकली. नळीत उजेडात ती पुरी दिसली.

मी खुर्चीवरून उठलेच. ‘‘आहे! मामाजी, आहे! आहे हो!’’ माझा आवाज शेजारच्या घरात गेला असणार. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी नळीवर बोट ठेवून नाचत होते.

मामाजींनी माझा हात धरून नळीवरून बाजूला केला. त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही.

‘‘बोंबलू नको वो,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘बाळंतीन हाय ते. खिडकी लाव.’’

मी जाऊन खिडकी लावली.